खरबुजावरील जिवाणूजन्य रोग आणि ‘प्रतिकारक’ वाणाचा शोध

प्रश्न : गेली दोन वर्षे मी खरबूज आणि थोडे कलिंगड घेत आहे. पहिल्या वर्षी फळे भरत आली असताना चांगले वाढलेले खरबुजाचे वेल आठवड्याभरात माना टाकून सुकले. दुसऱ्या वर्षी पाकिटावर ‘रोगप्रतिकारक’ असे छापलेले संकरित बियाणे घेतले, तरी ट्रेमधल्या रोपांच्या बीजदलांवरच पाणी भरल्यासारखे डाग दिसले. पुढे कलिंगडाच्या फळांवर तेलकट हिरवे चट्टे पसरून फळे तडकली, तर खरबुजावर बारीक खड्डे पडले आणि कापल्यावर आतला गर तपकिरी निघाला. वेल मात्र शेवटपर्यंत हिरवे होते. दोन्ही वर्षी मला ‘हा जिवाणूंचा रोग आहे’ असेच सांगण्यात आले. हा रोग नक्की कसा ओळखावा, त्याला प्रतिकारक असे खात्रीचे वाण कोणते, आणि चांगल्या दिसणाऱ्या फळांचे बी मी पुढच्या वर्षासाठी ठेवू शकतो का?

उत्तर : आपण लक्षणे नीट पाहून आणि क्रमाने लिहिली आहेत. ‘वेल मात्र शेवटपर्यंत हिरवे होते’ हे आपले वाक्य तर निदानाच्या दृष्टीने पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य आहे, कारण त्यावरूनच आपल्या शेतात दोन वर्षे एकच रोग नव्हता, दोन वेगळे रोग होते, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. दुसऱ्या वर्षीचे वर्णन फळांवरील जिवाणूजन्य डाग या रोगाशी तंतोतंत जुळते. पहिल्या वर्षीचे वेल सुकणे मात्र बहुधा जिवाणूंमुळे झालेले नसावे. दोन्हींना एकच नाव दिल्यामुळे आपण दुसऱ्या वर्षी ज्या पाकिटावर विसंबून राहिलात, त्यावरचा ‘प्रतिकारक’ हा शब्द कदाचित पहिल्या वर्षीच्या रोगाला लागू असेल; दुसऱ्या वर्षीच्या रोगाशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

आधी दुसऱ्या वर्षीच्या रोगाबद्दल लिहितो, कारण तो अधिक घातक आहे. त्याचा जिवाणू म्हणजे ‘ॲसिडोव्होरॅक्स सिट्रुली’. १९६५ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, वाणसंग्रहातील कलिंगडाच्या रोपांवर हा रोग प्रथम नोंदला गेला, आणि तेव्हा तो रोपांचा एक किरकोळ रोग समजला गेला. १९८९ मध्ये फ्लोरिडातील व्यापारी पिकांत फळे सडू लागली तेव्हा त्याचे खरे रूप कळले, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास तिथले नुकसान इतके वाढले की काही बियाणे कंपन्यांनी कलिंगडाच्या बियाण्याची विक्री काही काळ थांबवली. ही हकिकत सांगण्याचे कारण एवढेच की हा रोग मुख्यतः बियाण्यातून प्रवास करतो, आणि त्यामुळेच तो जगाच्या अनेक भागांत जाऊन पोहोचला. त्याचा बंदोबस्त फवारणीच्या पंपापेक्षा बियाण्याच्या निवडीत अधिक आहे.

त्याची पहिली खूण बीजदलांच्या खालच्या बाजूला दिसते. वरून पाहणाऱ्याला ती सहसा सापडत नाही, म्हणून रोप उचलून, उजेडाकडे धरून, पानाची पाठ पाहावी लागते. तिथे शिरेच्या कडेने गडद, पाणी भिनल्यासारखा, थोडा पारदर्शक डाग दिसतो. तो काही दिवसांत वाळून तपकिरी होतो, आणि मग मात्र तो उन्हाने, खताच्या जादा मात्रेने किंवा एखाद्या फवारणीने करपलेल्या डागासारखा दिसू लागतो. खऱ्या पानांवरचे डागही मुख्य शिरेला धरून लांबट वाढतात, त्यांचा रंग फिकट तपकिरी ते लालसर असतो, आणि ते इतके नगण्य दिसतात की शेतकरी त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो. वेल सुकत नाही, वाढ थांबत नाही, फुले येतात, फळे धरतात. दरम्यान पानांवरचा जिवाणू पाण्याच्या थेंबांबरोबर उडून कोवळ्या फळांवर पोहोचतो. फूल उमलल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे फळाच्या सालीवरची सूक्ष्म छिद्रे उघडी असतात आणि जिवाणू त्यांतूनच आत शिरतो. पुढे सालीवर मेणाचा थर चढून ती छिद्रे बंद होतात आणि नवा शिरकाव अवघड होतो. डाग मात्र फळ पक्व होण्याच्या सुमारास ठळक होतो, आणि म्हणून काढणीच्या तोंडावर अचानक रोग आला असे वाटते. प्रत्यक्षात तो बऱ्याच आठवड्यांपूर्वी आलेला असतो.

कलिंगडावर हा डाग फळाच्या वरच्या, उघड्या बाजूला पडतो. सुरुवातीला तो नखाएवढा, गडद ऑलिव्ह हिरवा आणि तेल लागल्यासारखा असतो, आणि आठ-दहा दिवसांत फळाचा बराच भाग व्यापू शकतो. त्यानंतर साल तडकते, कधी त्यातून मधाच्या रंगाचा चिकट स्राव येतो, आणि दुसरे जिवाणू आत शिरून फळ सडवतात. उन्हाने भाजलेला डाग यापेक्षा वेगळा असतो; तो पांढुरका, कोरडा आणि कागदासारखा होतो, ओला व तेलकट कधीच नसतो. खरबुजाच्या बाबतीत फसगत अधिक होते. जाळीदार सालीवर वरून फक्त मोहरीएवढे खड्डे दिसतात किंवा एखाद्या ठिकाणी जाळी धरलेलीच नसते, आणि त्याच्या खाली गरात मात्र पाणचट, तपकिरी पोकळी तयार झालेली असते. म्हणून संशयित खरबूज नेहमी खड्ड्यातूनच उभे कापून पाहावे.

आता पहिल्या वर्षीचे सुकणे. वेलवर्गीय पिकांत जिवाणूजन्य मर हा रोग खराच आहे. ‘अर्विनिया ट्रॅकेइफिला’ या जिवाणूमुळे तो होतो, खरबूज आणि काकडी त्याला फार लवकर बळी पडतात, आणि कलिंगडाला तो जवळजवळ होतच नाही. परंतु हा जिवाणू बियाण्यातून पसरत नाही. पट्टेरी आणि ठिपकेदार भुंगेऱ्यांच्या ज्या जाती त्याचा प्रसार करतात, त्या मूळच्या उत्तर अमेरिकेतील आहेत. भुंगेरा पाने कुरतडतो आणि त्याच्या विष्ठेतील जिवाणू त्या जखमांतून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये शिरतात. त्यामुळे ज्या भागात हे भुंगेरे नाहीत, तिथे सुकलेल्या वेलाला जिवाणूजन्य मर म्हणण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

शेतातच करता येण्यासारखी एक साधी चाचणी आहे. सुकू लागलेला, पण अजून मेलेला नसलेला वेल बुंध्याजवळ धारदार चाकूने कापावा, दोन्ही कापलेली टोके एकमेकांवर हलकेच दाबून दहा-पंधरा सेकंद धरावीत आणि मग अगदी सावकाश दूर करावीत. जिवाणूजन्य मर असेल तर दोन टोकांमध्ये चिकट, पांढुरके तंतू ताणले जातात. तंतू दिसले तर निदान बरेच पक्के होते. मात्र दिसले नाहीत म्हणून रोग नाहीच असे म्हणता येत नाही, तेव्हा दोन-चार वेगवेगळे वेल तपासावेत.

तंतू निघाले नाहीत, तर तोच बुंधा उभा चिरून पाहावा. आतल्या नळ्या तपकिरी झालेल्या असतील, सुकणे वेलाच्या एका बाजूने सुरू झाले असेल आणि त्याआधी पाने पिवळी पडली असतील, तर तो फ्युजेरियम बुरशीचा मर रोग असतो. बुंध्यावर तांबूस डिंकाचे थेंब आणि वाळलेल्या सालीवर काळ्या बारीक टिकल्या असतील, तर डिंक्या. तोही बुरशीचाच, आणि डिंकामुळे त्याला हमखास जिवाणूजन्य समजले जाते. आपले वेल फळे भरताना एकाएकी कोसळले, हे लक्षात घेता मी सर्वांत आधी मुळे पाहिली असती. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, आणि बारीक मुळे नष्ट होऊन उरलेल्या मुळांवर टाचणीच्या टोकाएवढे काळे गोल दाणे असतील तर ‘मोनोस्पोरॅस्कस’ ही बुरशी असण्याची शक्यता मोठी. ही बुरशी उष्ण, कोरड्या प्रदेशात नेमकी फळ पोसण्याच्या वेळी वेल पाडते, कारण तेव्हा पाण्याची गरज सर्वाधिक असते आणि मूळसंस्था अपुरी पडते. दोन वर्षांपूर्वीचे वेल आज तपासता येणार नाहीत, त्यामुळे याहून अधिक ठाम बोलणे बरोबर नाही. पण पुन्हा असे झाले तर वेल ओढून न काढता, कुदळीने मुळांसकट उकरून काढा.

पानांवरचा आणखी एक जिवाणूजन्य रोग आपल्या पत्रात नाही, तरी तो सांगून ठेवतो. कोनीय ठिपके म्हणून ओळखला जाणारा हा रोग ‘स्युडोमोनास सिरिंजी’च्या ‘लॅक्रिमन्स’ या प्रकारामुळे होतो. ‘लॅक्रिमन्स’ म्हणजे अश्रू ढाळणारा. दमट सकाळी ठिपक्यांच्या खालच्या बाजूला थेंब येतात आणि ते वाळून पांढरी, चकचकीत पापुद्र्यासारखी साय उरते, त्यावरून हे नाव पडले. ठिपके शिरांच्या मर्यादेत अडकलेले, म्हणून टोकदार कोपऱ्यांचे असतात, आणि पुढे वाळून गळून पडल्यामुळे पानाला भोके पडतात. केवडा या पानांवरील दुसऱ्या रोगाचे ठिपकेही असेच कोनीय असतात, पण पहाटे दव असताना केवड्याच्या पानाच्या पाठीवर करडी-जांभळट बुरशी दिसते. कोनीय ठिपक्यांत तशी बुरशी कधीच नसते. हा फरक दुपारी दिसत नाही. शक्य तेवढे निदान सकाळी, पाने ओली असतानाच करावे, असा माझा आग्रह असतो.

डोळ्यांनी केलेले निदान आपल्याला दिशा देते, पुरावा देत नाही. फळांवरील जिवाणूजन्य डागासाठी पट्टीवर रस लावून काही मिनिटांत निकाल देणारी चाचणी उपलब्ध आहे, परंतु ती जवळच्या नात्यातील इतर जिवाणूंनाही कधी कधी ‘होय’ म्हणते. त्यामुळे बियाण्याबद्दल तक्रार करायची असेल किंवा पुढच्या हंगामाचा मोठा निर्णय घ्यायचा असेल, तर प्रयोगशाळेत जिवाणू वेगळा करून पीसीआर, म्हणजे जिवाणूचा जनुकीय अंश ओळखणाऱ्या, चाचणीने खात्री करून घ्यावी. नमुना नुकत्याच सुरू झालेल्या डागांचा असावा, ज्यात निरोगी आणि रोगट भागाची सीमा स्पष्ट आहे. पूर्ण सडलेल्या फळात मूळ जिवाणू इतर जिवाणूंच्या गर्दीत हरवून जातो. ताम्रयुक्त औषध फवारण्यापूर्वीच नमुना घ्यावा, पाने कोरड्या कागदात आणि प्रत्येक फळ वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळावे, ओल्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नये आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये. सोबत बियाण्याचा लॉट क्रमांक, म्हणजे ते बियाणे ज्या खेपेतले आहे तिचा क्रमांक, लिहून द्यावा.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे, म्हणजे वाणाकडे येतो. इथे मला आपल्याला न आवडणारे, परंतु खरे उत्तर द्यावे लागेल : फळांवरील जिवाणूजन्य डागाला पूर्ण किंवा उच्च प्रतीचा प्रतिकार करणारे खरबुजाचे अथवा कलिंगडाचे कोणतेही व्यापारी वाण मी आपल्याला सुचवू शकत नाही. जिवाणूजन्य मर रोगाबाबतही खरबुजात तीच परिस्थिती आहे. संशोधकांनी प्रयत्न केले नाहीत असे नाही. कलिंगडाच्या जगभरातून गोळा केलेल्या हजाराहून अधिक नमुन्यांची तपासणी झाली, आणि त्यांतून पीआय ४८२२७९ आणि पीआय ४९४८१७ या नोंद-क्रमांकांचे दोन नमुने २००२ मध्ये प्रतिकारक म्हणून पुढे आले. परंतु हे पैदाशीचे मूळ साहित्य आहे, बाजारात विकण्याजोगे वाण नव्हे; तो प्रतिकार गोड, एकसारख्या फळांच्या वाणात उतरवणे हे वेळखाऊ काम आहे, आणि प्रतिकार एखाद्या ठळक जनुकावर अवलंबून नसेल तर ते अधिकच अवघड होते. त्यात या जिवाणूचे दोन मुख्य गट आहेत. एक प्रामुख्याने कलिंगडावर आढळतो, तर दुसरा खरबूज आणि इतर वेलवर्गीय पिकांवर. त्यामुळे एका गटासमोर टिकलेले वाण दुसऱ्यासमोर टिकेलच असे नाही.

मग पाकिटावर ‘प्रतिकारक’ असे जे छापलेले असते ते खोटे असते का? खोटे नसते, अपुरे वाचलेले असते. व्यवस्थित बियाण्याच्या माहितीत प्रतिकार हा नेहमी एखाद्या विशिष्ट रोगकारकाच्या नावाने आणि बऱ्याचदा त्याच्या उपजातीच्या क्रमांकासह दिलेला असतो. एफओएम या तीन रोमन अक्षरांपुढे ०, १, २ असे आकडे असतील, तर ते वाण खरबुजावरील फ्युजेरियम मर रोगाच्या त्या-त्या उपजातींना प्रतिकारक आहे. पीएक्स ही अक्षरे भुरीसाठी, एजी मावा किडीसाठी आणि एमएनएसव्ही एका विषाणूसाठी असतात. म्हणजे खरबुजाच्या पाकिटावर सहसा जो प्रतिकार लिहिलेला असतो तो बुरशी, कीड किंवा विषाणू यांच्याविरुद्धचा असतो, आणि जिवाणूंशी त्याचा संबंध नसतो. पीएसएल हे संक्षेपाक्षर कोनीय ठिपक्यांच्या जिवाणूचे आहे, पण ते प्रामुख्याने काकडीच्या वाणांवर भेटते. अक्षरांच्या आधी एचआर असेल तर प्रतिकार उच्च, आयआर असेल तर मध्यम समजावा; आणि उच्च प्रतिकाराच्या वाणावरही रोगाचा दाब फार वाढल्यास थोडी लक्षणे दिसू शकतात, हे त्या व्याख्येतच गृहीत धरलेले आहे. नुसते ‘रोगप्रतिकारक’ असे लिहून रोगाचे नावच दिलेले नसेल, तर तो शब्द माझ्या मते छापलाच जाऊ नये. विक्रेत्याला न संकोचता विचारावे : कोणत्या रोगाला, कोणत्या उपजातीला, आणि उच्च की मध्यम?

वाणावाणांत थोडा फरक पडतो, हे मात्र खरे. गडद हिरव्या सालीच्या कलिंगडांवर फिकट सालीच्या कलिंगडांच्या तुलनेत फळडाग साधारणपणे कमी पसरतो, आणि बिनबियांची, म्हणजे त्रिगुणित वाणेही काहीशी कमी बळी पडतात. याला प्रतिकार म्हणू नये. दोन वाणे इतर सर्व बाबतींत सारखीच वाटली तर निवड करताना एवढा विचार जरूर करावा. पहिल्या वर्षीच्या रोगासाठी तर वाणाची निवड खरोखर उपयोगी पडू शकते : तपासणीत फ्युजेरियम मर निघाला, तर आपल्या जमिनीतील उपजातीला प्रतिकारक वाण घेणे हाच त्यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

जिवाणूसाठी मात्र प्रतिकारक वाणाऐवजी तपासलेले बियाणे शोधावे. लॉटमधील काही हजार बिया उबदार, दमट जागेत पेरून रोपांवर लक्षणे येतात का हे पाहिले जाते, किंवा बियाण्याच्या अर्काची पीसीआर चाचणी केली जाते. दहा हजारांत एक बी रोगट असले तरी रोपवाटिकेत साथ सुरू होऊ शकते, म्हणून नमुना मोठा लागतो. ३०,००० बियांची तपासणी हे प्रमाण बरेच प्रचलित आहे. थोडे गणित करून पाहू. लॉटमध्ये दहा हजारांत एक बी रोगट असेल आणि प्रत्येक रोगट बी चाचणीत नक्की पकडले जाते असे धरले, तरी ३०,००० बियांच्या नमुन्यात असे एकही बी न येण्याची शक्यता सुमारे ५ टक्के उरते. आणि नमुना फक्त १०,००० बियांचा असेल तर ती सुमारे ३७ टक्क्यांवर जाते. म्हणून ‘तपासलेले आहे का’ एवढे विचारून थांबू नये. किती बियांचा नमुना तपासला, कोणत्या पद्धतीने, आणि हा निकाल याच लॉटचा आहे का, हेही विचारावे. निकालात ‘आढळला नाही’ असे असते, त्याचा अर्थ ‘नाहीच’ असा नसतो, ही जाणीव ठेवून पुढची काळजी घ्यावी.

त्या काळजीत रोपवाटिकेचे स्थान पहिले आहे, कारण दाटीने ठेवलेले ट्रे, ऊब, ओलावा आणि वरून मारलेले पाणी हे सगळे जिवाणूला एकाच ठिकाणी मिळते. वेगवेगळे लॉट वेगळे ठेवावेत, वापरलेले ट्रे निर्जंतुक केल्याशिवाय पुन्हा भरू नयेत, पाणी शक्यतो खालून द्यावे, आणि लक्षणे दिसलेले रोप एकटे न उपटता तो ट्रे आणि त्याच्या लगतचे ट्रेही नष्ट करावेत. कलम केलेली रोपे आणत असाल तर खुंटाच्या, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या रोपाच्या, बियाण्याचीही चौकशी करावी; दुधी किंवा भोपळ्याच्या खुंटाचे बी रोगट असू शकते, आणि कलम करताना वापरलेले चाकूचे एकच पाते शेकडो रोपांना जिवाणू टोचत जाते.

शेतात तुषार सिंचन टाळून ठिबक वापरावे, आणि पाने ओली असताना वेलांत शिरू नये. कॉपर हायड्रॉक्साइड किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड यांसारखी ताम्रयुक्त औषधे फुले येण्याआधीपासून फळे पक्व होईपर्यंत, लेबलवरील मात्रेने आणि अंतराने दिली तर प्रसार कमी होतो. फळांवर डाग दिसल्यानंतर सुरू केलेली फवारणी ती फळे वाचवत नाही. केवळ तांब्यावर भिस्त ठेवू नये, कारण तांब्याला दाद न देणारे जिवाणूही आढळतात. प्रतिजैविकांची फवारणी मी सुचवत नाही. अनेक देशांत पिकांवर तिला परवानगी नाही किंवा कडक निर्बंध आहेत, आणि तिला सरावलेले जिवाणू तयार होण्याचा धोका मोठा आहे.

शेवटचा प्रश्न घरच्या बियाण्याचा. ज्या शेतात हा रोग होता, तिथल्या निरोगी दिसणाऱ्या फळाचेही बी ठेवू नका. जिवाणू बीवर आणि बीच्या आतही राहू शकतो, साठवणीत मरत नाही, आणि तीस वर्षांहून अधिक काळ ठेवलेल्या बियाण्यातूनही तो जिवंत सापडलेला आहे, तेव्हा जुने करून वापरणे हाही उपाय नव्हे. आम्लाची किंवा परॲसेटिक ॲसिडची बीजप्रक्रिया सालीवरचा जिवाणू बराच कमी करते, आतला पूर्णपणे काढत नाही. मागच्या हंगामातील बी काढून ठेवले असेल तर ते पेरू नका आणि कोणाला देऊही नका. पडलेली फळे आणि वेल खोल गाडा, त्या जागी निदान तीन वर्षे वेलवर्गीय पीक घेऊ नका, आणि पहिल्या पावसानंतर किंवा पाण्यानंतर आपोआप उगवणारी खरबूज-कलिंगडाची रोपे व बांधावरचे रानटी वेल दिसतील तसे, फुलावर येण्याआधी, उपटून काढा.